काळ्या रानातली पांढरी पेठ

मे महिन्यात मानवतच्या शिवारातून बैल नेणारा माणूस वर बघून चालत नाही. काळ्या रानाला तोवर भेगा पडलेल्या असतात. काही बोटभर, काही सबंध हात आत जाईल एवढ्या. बैलाचा पाय अशा भेगेत अडकून मोडला तर पेरणीच्या तोंडावर जोडी फुटली, आणि जोडी फुटली की हंगाम हातचा गेला. म्हणून बैल बांधाच्या कडेकडेने न्यायचे. जूनमध्ये दोन मोठे पाऊस झाले की हेच रान फुगतं, भेगा मिटतात आणि चिखल असा होतो की चपला हातात घेऊनच चालावं लागतं. वर्षातून दोनदा असा अवतार बदलणाऱ्या जमिनीवर मानवतची पेठ उभी राहिली, आणि ती उभी केली कापसाने.

परभणी जिल्ह्यातला हा तालुका दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. उत्तरेला दुधना, दक्षिणेला गोदावरी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. तो काळा खडक झिजत गेला आणि त्यातून ही रेगूर माती झाली. तिच्यातल्या चिकणमातीचा गुण असा की ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात वरची भुसभुशीत माती भेगांमध्ये पडते, पावसाळ्यात ती तिथेच फुगते आणि खालची माती वर रेटली जाते. थोडक्यात, ही जमीन काही प्रमाणात स्वतःच स्वतःला नांगरते. शेतकऱ्याच्या दृष्टीने याहून मोठा गुण म्हणजे तिची साठवण. पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात थांबला तरी खोल काळीत ओल टिकते, आणि लांब सोटमूळ असलेलं पीक ती ओल पुढे दोन-तीन महिने पीत राहतं. कापूस आणि रब्बीची ज्वारी ही दोन पिकं इथे का रुजली, याचं निम्मं उत्तर या ओलीत आहे.

पण जी जमीन पिकाला चांगली, ती घराला वाईट. काळीवर बांधलेली भिंत दोन पावसाळ्यांत तडकते. मराठवाड्यातल्या जुन्या वस्त्या म्हणूनच उंचवट्यावर, पांढऱ्या मातीच्या टेकाडावर बसलेल्या दिसतात. जुन्या मराठी कागदपत्रांत गावाचे दोन भाग सरळ मांडलेले असतात: काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्ती. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि शेवटी पुन्हा पांढऱ्या मातीचा थर, असं माळवद तयार व्हायचं. उन्हाळ्यात आत गारवा, आणि रात्री झोपायला वर सबंध गच्ची. प्रश्न फक्त लाकडाचा. महाराष्ट्रात सर्वात कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत परभणी मोडतो, आणि हे काही आजकालचं नाही. सपाट, खोल, कसदार काळी जमीन मोकळी ठेवायला कुणीच तयार नसायचं. उरली बांधावरची बाभूळ. तिनेच वखर, तिफण, गाडीचं चाक आणि चूल असा सगळा भार उचलला.

शेतातली मांडणीही जमिनीच्या कलाने झालेली होती. मृगाचा पाऊस झाला की सरकी बाहेर निघायची. सरकीच्या अंगाला बारीक तंतू असतात, त्यामुळे दाणे एकमेकांना चिकटून राहतात. घरातल्या बायका ती शेणकाल्यात आणि मातीत चोळायच्या, उन्हात वाळवायच्या, मग दाणा न् दाणा सुटा होऊन तिफणीतून पडायचा. कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीचं एखादं तास आणि कडेने अंबाडी. अंबाडीची कोवळी पानं भाजीला आणि खोडाचा वाख दोराला. पुढच्या साली त्याच रानात ज्वारी. कापूस वेचून झाला की रानात गुरं, शेळ्या सोडायच्या आणि वाळलेल्या पऱ्हाट्या उपटून सरपणाला न्यायच्या. सरकी दुभत्या जनावरांना आणि बैलांना. बैल बहुधा लाल कंधारी, नाहीतर देवणी. दोन्ही जाती शेजारच्याच नांदेड-लातूरच्या मुलखातल्या. या सगळ्यात बाहेरून विकत आणायचं ते लोखंड, मीठ आणि थोडंफार कापड. बी घरचं, खत घरचं, दोर घरचा.

याला सुवर्णयुग म्हणायची गरज नाही. पाऊस दगा द्यायचा, सारा भरावा लागायचा, सावकार तेव्हाही होताच. एवढंच की त्या काळातला धोका आभाळातून यायचा. बाजारातून येणारा धोका मानवतच्या शेतकऱ्याला अजून नीट ओळखीचा नव्हता.

कापसाचा व्यापार मात्र या प्रदेशाला नवा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात तगर म्हणजे आजच्या तेरहून साधं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. पुढची कित्येक शतकं गोदावरी खोऱ्यातला कापूस बहुतेक गावातल्या गावातच जिरायचा. हातरेच्यावर सरकी निघायची, पिंजारी कमानीच्या दोरीवर रुई पिंजायचा, घरोघरी सूत निघायचं आणि साळी-कोष्टी ते विणायचे. जो माल लांब जायचा तो लमाणांच्या बैलांच्या पाठीवर. हजार-हजार बैलांचे तांडे दख्खनभर फिरायचे. त्यांची वाट ठरायची ती चारा आणि पाणी कुठे मिळेल यावर. आज परभणी जिल्ह्यात जे तांडे गाव म्हणून स्थिरावलेले दिसतात, ते त्या फिरत्या वाहतुकीचे वारस. रेल्वे आली आणि त्यांचा धंदा बसला.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं आणि लँकेशायरच्या गिरण्यांना दक्षिणेतल्या गुलाम-मळ्यांचा कापूस मिळेनासा झाला. इंग्रजांची नजर वऱ्हाडावर वळली. तो मुलूख १८५३ पासून त्यांच्या कारभाराखाली होता. चार वर्षं मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळला, पण कापसाची वाट पडली ती पडलीच. १८७० मध्ये वऱ्हाडातल्या खामगावला रेल्वेचा फाटा पोहोचला. निजामाच्या राज्यातल्या मानवतला मात्र आणखी तीस वर्षं थांबावं लागलं.

हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे ही मनमाड ते सिकंदराबाद मीटरगेज लाइन १९०० च्या सुमारास सुरू झाली. औरंगाबाद, जालना, सेलू, परभणी, नांदेड. सेलू आणि परभणीच्या दरम्यान एका स्टेशनाला नाव मिळालं 'मानवत रोड'. गाव स्टेशनपासून काही किलोमीटर दक्षिणेला राहिलं, आणि हंगामात या मधल्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रीघ लागू लागली.

काळ मोठा चमत्कारिक होता. लाइन पूर्ण होत असतानाच १८९९ चा पाऊस बुडाला आणि विक्रम संवताच्या सालावरून 'छप्पनचा' म्हणून ओळखला गेलेला दुष्काळ पश्चिम आणि मध्य भारतावर पडला. आगगाडीने दुष्काळी भागात बाहेरचं धान्य आणता येऊ लागलं, हे तिचं श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. पण तिने दुसरंही एक केलं. पूर्वी ज्वारी पेवात जायची. जमिनीखालच्या त्या कोठारात ती दोन-तीन वर्षं टिकायची, आणि दुष्काळाचा विमा म्हणजे गावाची पेवं. रुळांमुळे कापसाला रोख भाव आला तशी ज्वारीची जमीन कापसाकडे सरकत गेली, शिल्लक ज्वारीही विकली जाऊ लागली आणि पेवं रिकामी पडत गेली. आता पाऊस चुकला तर पेव उघडून भागणार नव्हतं. पैसे लागणार होते.

पेठेचं रूप पालटलं. मारवाड-गुजरातकडचे व्यापारी आले, आडत दुकानं लागली, सरकी काढणारी जिनिंग आणि गाठी बांधणारी प्रेस उभी राहिली. अशा कारखान्यांतली यंत्रं बहुधा विलायती असायची. हिंदुस्थानभरच्या जिनिंगांना रेचे पुरवणारी एक मोठी कंपनी होती ओल्डहॅमची प्लॅट ब्रदर्स. चामड्याने मढवलेला रूळ फिरतो, पातं सरकीला अडवतं, धागा रुळाबरोबर पलीकडे जातो आणि सरकी खाली गळते. तत्त्व हातरेच्याचंच, वेग मात्र शेकडो माणसांचा. प्रेसमध्ये ती रुई दाबून ३९२ पौंडांची गाठ व्हायची. दोन गाठी म्हणजे मुंबईची एक खंडी. गाठ आता १७० किलोची झाली आहे, पण रुईचा भाव आजही खंडीवर, म्हणजे ३५६ किलोंवर बोलला जातो. मानवतच्या आडत्याच्या तोंडी शंभर वर्षांपूर्वीचं वजन अजून आहे.

बोलीची जुनी तऱ्हा म्हणजे हत्ता. आडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबून भाव ठरायचा, आणि ज्याचा माल तो शेजारी उभा राहून रुमालाकडे बघायचा. वजनात घट, नमुन्याचा म्हणून ओंजळ-ओंजळ कापूस, धर्मादाय, तोलाई, हमाली हे सगळं त्याच्याच पदरातून जायचं. वऱ्हाडात कारंजाच्या बाजाराला १८८६ मध्येच नियम लागू झाले होते. हैदराबाद संस्थानात शेतमाल बाजाराचा कायदा आला १९३० साली. तोवर रुमालाखाली काय झालं हे रुमालालाच ठाऊक.

बाजाराने शेतात काय केलं, ही गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. नांदेड-परभणीच्या पट्ट्यातला कापूस मुंबईत 'हैदराबाद गावरानी' या नावाने वेगळा विकला जायचा. देशी असूनही त्याचा धागा इतर देशी वाणांपेक्षा लांब आणि मऊ. पण याच काळात खानदेश-वऱ्हाडकडून आखूड, खरखरीत धाग्याचे वाण इकडे घुसले. त्यांची एकच जमेची बाजू होती: रुईचा उतारा. क्विंटलभर कापसातून त्यांची रुई जास्त निघायची, आणि जिनिंगवाल्याला तेवढंच पाहिजे होतं. जिनात सगळा कापूस एकत्र पडला की सरकीही एकत्रच व्हायची. तीच सरकी पेरायला परत शेतात. पूर्वी आपल्या रानातली निवडक बोंडं बियाण्यासाठी बाजूला ठेवणारा शेतकरी आता जिनमधून सरकी आणू लागला, आणि काही वर्षांत गावरानीचं भेसळीने पाणी झालं. अखेर निजाम सरकारला गावरानीच्या टापूत हलक्या वाणांची लागवड आणि आयात रोखणारा कायदा करावा लागला. पेठेने शेतातलं बी बिघडवलं म्हणून सरकारने कायदा करायचा, असा प्रसंग या भागात पहिल्यांदाच आला असावा.

कायद्याला जोड मिळाली संशोधनाची. १९१८ मध्ये हैदराबाद संस्थानाने परभणीला मुख्य प्रायोगिक क्षेत्र काढलं. पुढे परभणी-नांदेडच्या कापूस संशोधकांनी शेतकऱ्यांच्याच रानांतून चांगली झाडं निवडून गावरानी-६, गावरानी-४६ असे सुधारित वाण दिले. नांदेडला उस्मानशाही मिल होती, त्यामुळे लांब धाग्याला जवळच गिऱ्हाईकही होतं. तीन गोष्टी जुळल्या होत्या: जमिनीला मानवणारं झाड, ते शुद्ध ठेवणारी यंत्रणा आणि त्याची कदर करणारा खरेदीदार. मानवतच्या इतिहासात हा जमाखर्च इतका चोख पुन्हा जुळला नाही.

१९४७ मध्ये देशात कापसाखालच्या सुमारे ९७ टक्के जमिनीवर देशी वाण होते. फाळणीत लांब धाग्याचा कापूस पिकवणारा सिंध-पंजाबचा मोठा मुलूख पाकिस्तानात गेला आणि मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या लांब धाग्याला मुकल्या. देशाने अमेरिकन जातीच्या कापसाकडे वळायचं ठरवलं. गिरणीच्या बाजूने बघितलं तर हा निर्णय बरोबरच होता. वेगवान चात्यांवर आखूड धागा तुटतो. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा व्यापारी लागवडीसाठीचा जगातला पहिला संकरित कापूस दिला. १९८० च्या दशकात नांदेडच्या केंद्रातून एनएचएच-४४ आला आणि कोरडवाहू महाराष्ट्राने तो डोक्यावर घेतला. मराठवाड्यातले जुने शेतकरी आजही 'नांदेड चव्वेचाळीस'चं नाव आदराने घेतात.

संकरित बियाण्याची अट एकच: दुसऱ्या वर्षी घरची सरकी पेरून चालत नाही, दरवर्षी पिशवी घ्यायची. शेणकाल्यात सरकी चोळण्याचं काम घरातून गेलं.

१९७२ हे साल मराठवाड्याच्या अंगावर कोरलेलं आहे. लागोपाठ पाऊस हुकले, विहिरी आटल्या, गुरं विकली गेली, माणसं खडी फोडायला गेली. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, ही त्या पिढीची आठवण. याच वर्षी १८ मे रोजी परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झालं, आणि याच वर्षी राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजनाही लागू झाली. सगळा कापूस सरकारी केंद्रावर घालायचा. व्यापारी मधून काढून टाकला. आडत्याच्या रुमालातून शेतकऱ्याची सुटका झाली, पण मोजमापासाठीच्या रांगा आणि हप्त्याहप्त्याने येणारे चुकारे नशिबी आले. (उर्वरित महाराष्ट्राला मानवत त्याच सुमारास घडलेल्या हत्यासत्रामुळे ठाऊक झालं. त्यावर २०२४ मध्ये वेब मालिकाही आली. शंभर वर्षांच्या पेठेची ओळख एका खटल्याने झाकली जावी, हे मानवतकरांना खुपतं, आणि ते साहजिक आहे.)

मग पाणी आलं. पैठणला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी धरणाचं लोकार्पण केलं. २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद), जालना ओलांडून परभणीत उतरतो. पाथरी, मानवत, परभणी हे तालुके त्याच्या लाभक्षेत्रात. दुष्काळाने पोळलेल्या लोकांना कालव्याचं अप्रूप वाटलं यात नवल काय? ऊस आला, केळी आली, पाथरीजवळ साखर कारखाना झाला.

कालव्याचा हिशेब करताना मातीला मात्र कुणी विचारलं नव्हतं. ओल धरून ठेवणं हाच जिचा स्वभाव, तिला वरून भरमसाट पाणी दिलं तर ते निचरून जायला वाट नसते. सखल भागात पाणी साचू लागलं, क्षार वर आले आणि जमिनी चिबड झाल्या. चिबड रानात ना कापूस येतो ना ज्वारी. उन्हाळ्यात वर पांढरा थर दिसतो. दुसरं टोकही होतंच. वर नाशिक-नगरकडे धरणं वाढत गेली तसं जायकवाडी भरणं अवघड झालं. २००५ च्या कायद्यात समन्यायी पाणीवाटपाचं तत्त्व आलं, त्यावरून न्यायालयात भांडणं झाली, आणि कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला एका साली जास्त पाण्याची तर दुसऱ्या साली कोरड्या चारीची सवय करून घ्यावी लागली.

कालव्याने कापसाचं वेळापत्रकही बदललं, आणि याची किंमत पुढे फार मोठी पडली. कोरडवाहू कापूस हिवाळ्यात सरायचा, कारण जमिनीतली ओलच सरायची. पाणी असलेला शेतकरी डिसेंबर-जानेवारीत एखादं पाणी देऊन पीक पुन्हा हिरवं करू लागला. हा फरदड. वेचणीचा थोडा खर्च सोडला तर फुकटचा कापूस, असा तो हिशेब.

२६ मार्च २००२ रोजी केंद्र सरकारच्या समितीने बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष स्वतःच तयार करणाऱ्या कापसाला, परवानगी दिली. पहिली वाणं होती महिकोची, म्हणजे मानवतहून याच रेल्वेमार्गावर पश्चिमेला असलेल्या जालन्याची. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये तिथे ही कंपनी सुरू केली होती. सुरुवातीला ४५० ग्रॅमच्या पिशवीला १,६०० रुपयांहून अधिक पडायचे, तरी शेतकऱ्यांनी उड्या टाकल्या, आणि उगाच नाही टाकल्या. १९९० च्या दशकात हिरव्या बोंडअळीने फवारणीचा खर्च असह्य केला होता. बीटीने तो एकदम खाली आणला. देशाचं सरासरी उत्पादन २००२-०३ मध्ये हेक्टरी ३०२ किलो रुई होतं, ते २००७-०८ मध्ये ५५४ किलोंवर गेलं. पण ते सगळं श्रेय एका जनुकाचं नव्हतं; पाऊस, खतं आणि गुजरातमधलं नवं सिंचन यांचाही त्यात वाटा होता. त्यानंतर आलेख जवळपास तिथेच अडकला, अलीकडे तर घसरला.

कारण गुलाबी बोंडअळी. ही अळी जवळजवळ फक्त कापसावर जगते. तिचा वंश तोडायचा तर वर्षातले काही महिने शिवारात कपाशीचं हिरवं झाड असता कामा नये. जुन्या पद्धतीत हे आपोआप व्हायचं: ओल सरली, कापूस सरला, शेळ्यांनी उरलीसुरली बोंडं खाल्ली, पऱ्हाट्या चुलीत गेल्या. फरदडीने अळीला मार्चपर्यंत दाणापाणी मिळालं. त्यात बहुतेक सगळ्या शिवारात एकाच प्रकारचं बीटी, त्यामुळे विषाला सरावलेल्या अळ्याच तेवढ्या उरत गेल्या. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात बोंडं उघडून बघितली तर आत किडलेली रुई आणि गुलाबी अळी. मानवतच्या आजूबाजूच्या शिवारांतही कापूस वेचायचा सोडून रोटाव्हेटर फिरवला गेला. तेव्हापासून कृषी खातं दरवर्षी सांगतं की फरदड घेऊ नका, डिसेंबरात रान मोकळं करा. वाडवडील जे ओलीच्या धाकाने करत होते, ते आता पत्रक काढून सांगावं लागतं.

दरम्यान सोयाबीनने कापसाची बरीच जमीन घेतली आहे. शंभर-सव्वाशे दिवसांत पीक घरात, मळणी यंत्राने, वेचणीची कटकट नाही. मजूर मिळत नसताना हा विचार चुकीचा म्हणता येत नाही. पण तेही एकच पीक, सलग, विकतच्या बियाण्याचं; अंबाडीचं तास शोधून सापडत नाही. पावसानेही आता वेगळीच रीत धरली आहे. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत परभणी, हिंगोली, नांदेडवर कोसळलेल्या पावसात काळीतलं पाणी दिवसेंदिवस हटलं नाही. उभी कपाशी एकाएकी माना टाकते, पानं पिवळी पडतात, झाड वाळतं. शेतकरी त्याला नुसतं 'मर' म्हणतात. ओल धरणारी माती अशा पावसात उलटी अंगावर येते.

पेठ मात्र जागी आहे. एकाधिकार खरेदी मागे पडली आणि व्यापारी परत आला. दिवाळीनंतर मानवतच्या बाजार समितीत कापसाची वाहनं लागतात. बैलगाडीची जागा टेम्पो आणि ट्रॅक्टरने घेतली, भाव उघड बोलीने ठरतो आणि दुपारपर्यंत मोबाइलवर जिल्हाभर पोहोचतो. खरेदीदार गाडीत कोपरापर्यंत हात खुपसून आतला पुंजका काढतो, कारण वरचा कापूस नेहमीच चांगला असतो. पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ओढतो, धागा कुठे तुटतो ते बघतो, ओल तपासतो, कवडी म्हणजे किडका-डागी कापूस किती आहे ते बघतो, आणि आकडा बोलतो. २०२२ च्या सुरुवातीला राज्यात कापसाने क्विंटलला १० हजारांचा टप्पा ओलांडला तेव्हा याच आवारात लोकांनी गाड्यांचे फोटो काढले. पुढच्या हंगामात भाव उतरले आणि अनेकांनी कापूस घरातच भरून ठेवला. घरात ठेवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, हा त्या वर्षीचा घरोघरचा अनुभव.

परभणीच्या कृषी विद्यापीठाने या वर्षांत देशी कापसावरचं काम सोडलेलं नाही. पीए २५५ (परभणी तुराब), पीए ४०२ (विनायक), पीए ०८, पीए ८१२ या देशी सरळ वाणांचा धागा जुन्या गावरानीपेक्षा बराच लांब आहे, इतका की गिरणीची जुनी तक्रार त्यांना लागू होत नाही. रसशोषक किडी त्यांच्यावर कमी येतात, पावसाचा खंड ते सोसतात आणि सरळ वाण असल्याने बी घरचं ठेवता येतं. उणिवाही आहेत. बोंड लहान, त्यामुळे किलोमागे वेचणीला वेळ जास्त. आणि बोंडअळीपासून त्यांना बीटीचं कवच नाही, म्हणून वेळेवर पेरणी आणि वेळेवर रान मोकळं करणं या दोन्ही गोष्टी पाळाव्याच लागतात. सगळ्या तालुक्याने देशीकडे वळावं असं कुणी म्हणणार नाही. पण हलक्या-मध्यम रानात, कालव्याच्या पाण्यापासून दूर असलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हा पर्याय खुला असायला हवा, आणि आज तो नावालाच खुला आहे.

अडचण बियाण्याइतकीच बाजाराची आहे. देशी कापूस घेऊन कुणी मानवतला आलाच, तर त्याचा माल इतर ढिगात मिसळतो आणि त्याच भावाने, नाहीतर त्याहून कमी भावाने जातो. शंभर वर्षांपूर्वी गावरानी बिघडली ती अशाच एकत्र झालेल्या ढिगांमुळे. बाजार समितीला, विद्यापीठाला आणि जिनिंगवाल्यांना मिळून एक काम एका हंगामापुरतं तरी करून बघता येईल: देशी कापसाचा ढीग वेगळा, बोली वेगळी, रुई वेगळ्या दिवशी काढायची आणि सरकी ज्याची त्याला परत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, धरण लागत नाही. आवारातला एक ओटा आणि आठवड्यातला एक वार राखून ठेवला तरी सुरुवात होईल.